रिक्षाखालची सावली

ताई, नमस्कार.

मी मूळचा पेणचा, सध्या पुण्यात अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या तीन वर्षांच्या कोर्सला आहे. दुसरं वर्ष संपत आलंय. मॉडेलिंग, टेक्स्चरिंग, रिगिंग, अ‍ॅनिमेशन, ट्रॅकिंग, रोटो, कंपोझिटिंग सगळं शिकवून झालं. मला सगळं थोडं थोडं येतं आणि धड काहीच येत नाही. जूनमध्ये स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायचाय. वर्गातली निम्मी पोरं एफएक्सला, म्हणजे पाणी-धूर-पडझडीच्या कामाला चाललीत, कारण त्याचं सॉफ्टवेअर हूडिनी येत असेल तर पगार जास्त. सर म्हणतात रोटोत घुसा, फ्रेमफ्रेमला कडा आखत बसायचं, पण नोकरी लगेच लागते. एक सीनियर म्हणतो रोटो आता एआयच करणार. घरी काकांचा गणपतीचा कारखाना आहे, पप्पा म्हणतात नाहीच जमलं तर परत ये.

मागच्या महिन्यात रूममेटने त्याच्या प्रोजेक्टसाठी मोबाइलवर शूट केलेल्या रस्त्यावर थ्रीडी रिक्षा उभी केली. मॉडेल एक नंबर होतं, हुडाच्या शिलाईसकट. पण ती रस्त्यावर उभी वाटतच नव्हती, तरंगत होती. त्याने सूर्य लावून मस्त सावली पाडली होती, पण शूट ढगाळ दिवसाचं होतं. मी खाली जाऊन रस्त्यावरच्या खऱ्या रिक्षा बघून आलो. ढगाळ असलं की सावली पडत नाही, पण टायर टेकतो तिथे काळी रेघ असते आणि पोटाखाली अंधार असतो. तो अंधार टाकला, हुडाचा काळा जरा उजळ केला, तेव्हा कुठे रिक्षा खाली बसली. पहाटेचे साडेतीन वाजले. सबमिशनला त्याला ‘ए’ मिळाला.

हे विषय सोडून झालं, सॉरी. तर मी काय निवडू?

— थोडंथोडं, पेण

*

थोडंथोड्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सात विषय तू एका वाक्यात उरकलेस. एफएक्स, रोटो, एआय, प्रत्येकाला एकेक वाक्य. रिक्षाला नऊ. आणि वर तिच्याबद्दल माफी मागितलीस! अरे, अख्ख्या पत्रात कामाचं तेवढंच होतं.

त्या रात्री तू काय केलंस ते नीट बघ. सावली चुकलीय हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. प्रोजेक्ट तुझा नव्हता, मार्क तुझे नव्हते. तरी तू जिने उतरून खाली गेलास आणि खऱ्या रिक्षांसमोर उभा राहिलास. ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर धरलेला एक प्रचंड मोठा दिवा. उजेड सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून सावलीची कड पुसली जाते. पण जिथून आकाशच दिसत नाही, टायर आणि डांबराच्या मधली फट, गाडीचं पोट, तिथे हा उजेड पोचत नाही. धंद्यात त्याला काँटॅक्ट शॅडो म्हणतात, आणि तिच्याशिवाय कितीही देखणी गाडी हवेतच राहते. हुडाचं तसंच. कॅमेऱ्याच्या आणि वस्तूच्या मधे हवा असते, धूळ असते, मोबाइलची लेन्सही थोडा उजेड सांडते. त्यामुळे फुटेजमधला सगळ्यात गडद काळासुद्धा शून्यावर नसतो. थ्रीडीतला काळा मात्र थेट शून्यावर जाऊन बसतो. ‘ब्लॅक्स जुळव’ हे वाक्य नव्या कंपोझिटरला (शूट आणि थ्रीडी एका चित्रात जुळवणाऱ्याला) पहिल्या महिन्यात इतक्या वेळा ऐकावं लागतं की झोपेतही ऐकू येतं. तुला ते कुणी न सांगता दिसलं.

आता आणखी एक गंमत. तू दिलेल्या सात नावांत लायटिंग, म्हणजे थ्रीडी दृश्यात उजेड लावायचं काम, नाहीच. म्हणजे तुमच्याकडेही ते टेक्स्चरिंगच्या शेपटाला बांधून दोन आठवड्यांत उरकलं असणार, बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. जे काम तू रात्रभर जागून केलंस, त्याला वेगळं नाव आहे, वेगळं खातं आहे, हेच तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. माझं मत आत्ताच सांगून टाकते: तू उजेडाचा माणूस आहेस. लायटिंग किंवा कंपोझिटिंग. त्यातलं नेमकं कुठलं, ते जूनपर्यंत तुझं तुलाच ठरवता येईल. कसं, ते पुढे सांगते.

पण आधी, मी एवढ्या खात्रीने का बोलतेय ते. तुझ्या वयाच्या पोरांना सगळे विचारतात, ‘तुला आवडतं काय?’ ह्या प्रश्नाचा आपल्या धंद्यात काडीचा उपयोग नाही. विशीत सगळ्यांना ड्रॅगन आवडतो. बघायला काय आवडतं आणि करायला काय झेपतं, ह्यात पुणे-पेण अंतर आहे, आणि ते मी पायी तुडवलंय.

मी २००६ साली अंधेरीत रोटोला लागले. पहिलाच शॉट: स्कूटरवर बसलेली मुलगी, केस मोकळे, २१२ फ्रेम. नऊ दिवस मी तिच्या केसांभोवती रेघा ओढत होते. तीन वर्षांनी, तुझ्या वर्गातल्या पोरांसारखाच हिशेब करून, एफएक्समध्ये उडी मारली. पैसे बरे होते. (पुढे त्या स्टुडिओने शेवटचे दोन पगार बुडवले, तो विषय वेगळा.) पाणी, धूर, पडझड. रात्री सिम्युलेशन (पाणी कसं वागेल ह्याची कॉम्प्युटरची आकडेमोड) लावून घरी जायचं, सकाळी येऊन बघायचं. सकाळी काय, तर पाणी हौदाच्या भिंतीतून आरपार गळालेलं, नाहीतर अख्खा हौद फुटून थेंब छताला. माझ्या शेजारच्या मुलाचं असं झालं की त्याचे डोळे चमकायचे. तो चहा घेऊन यायचा, खुर्चीत मांडी घालून बसायचा आणि नेमक्या कुठल्या फ्रेमला पाणी बिनसलं ते शोधत दुपार करायचा. माझं तसं झालं की मला रडू यायचं. आणि पाणी एकदाचं हौदात राहिलं की मी फेसाच्या पांढऱ्याचा निळेपणा बघत बसायची, जो माझ्या कामाचा भागच नव्हता. आठ महिन्यांनी टीमच्या लीडने शांतपणे सांगितलं, ‘तू पाण्याकडे बघतच नाहीस. पाण्यावरच्या उजेडाकडे बघतेस. कंपोझिटिंगमध्ये जा.’ गेले. अजून तिथेच आहे.

म्हणून मी विचारते ते असं: कुठला बिघाड दिसला की तुझे हात शिवशिवतात? हात वर केला की पात्राचा खांदा कागदी पिशवीसारखा चुरगळतो, हे बघून ज्याला चैन पडत नाही तो रिगर, पात्राच्या आतला सांगाडा बांधणारा. वजनदार पेटी उचलणाऱ्या पात्राची कंबर आधी खाली जात नाही, हे ज्याला दिसतं आणि जो आरशासमोर स्वतः खुर्ची उचलून बघतो, तो अ‍ॅनिमेटर. कॅमेरा सरकताना थ्रीडीचा खांब जमिनीवर तसूभर घसरतो, बाकीच्यांना कळतही नाही, पण एकाला ते खड्यासारखं टोचतं. तो मॅचमूव्हला, म्हणजे थ्रीडीचा कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्याशी जुळवायला जावा. बिघाड सगळीकडे असतात आणि आपल्या कामात दिवसातले सात तास बिघाडांशीच गाठ असते. आपला बिघाड कोणता, हे सापडलं की झालं. तुझा टायरखाली सापडलाय.

आता ‘धड काहीच येत नाही’ ह्याबद्दल. पेणच्या पोराला पाइपलाइन मी काय समजावायची! तुमच्या कारखान्यात माती मळणारा वेगळा, साच्यात दाबणारा वेगळा, जोड घासून गुळगुळीत करणारा वेगळा. मग अंगाचा रंग, मग सोवळ्याचा, मग दागिने, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. ती सगळ्यांना देत नाहीत. पण कारखान्यातल्या दहा वर्षांच्या पोराला कुणी फॉर्म भरायला लावतं का, की बाबा रे, तुझं स्पेशलायझेशन सांग? त्याचा सगळीकडे हात लागतो. माती तुडवतो, पाणी आणून देतो, सोंडेचा जोड घासतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ह्याने काढलेली सोवळ्याची किनार थरथरत नाही. आणि आखणी करणाऱ्या माणसाला माती कळत नाही, असं तू कधी पाहिलंयस? दोन वर्षांत सगळं थोडं थोडं येणं म्हणजे वेळ वाया जाणं नाही. केसांभोवतीच्या त्या नऊ दिवसांनी मला कड म्हणजे काय ते शिकवलं: हलणारी कड कशी विरघळते, तिच्यातून मागचं कसं दिसतं. आज त्यावरच माझं पोट आहे.

पगाराचं थोडक्यात. हूडिनी चांगलं येणाऱ्याला मान आहे, पैसाही आहे, कारण ते अवघड आहे. त्यात व्हेक्टर लागतात, कोड लिहावा लागतो, आणि सकाळी फुटलेला हौद बघून हसता यावं लागतं. तसं नसेल तर ते पैसे तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत, ते मांडी घालून बसणाऱ्या त्या मुलाकडे जातील. शिवाय पगाराच्या उतरंडीवर आयुष्य बांधू नये, हे गेल्या काही वर्षांत आम्ही सगळेच शिकलो. २०२३ मध्ये अमेरिकेत लेखक मे ते सप्टेंबर संपावर होते, नट जुलै ते नोव्हेंबर. शूटिंगच थांबलं, त्यामुळे मुंबई-हैदराबादला येणारं काम आटलं. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलरसारखा जुना व्हीएफएक्स समूह बसला आणि बेंगळुरू-मुंबईतल्या कलाकारांवर एकदम घरी बसायची पाळी आली. तेव्हा एफएक्सवाला आणि रोटोवाला एकाच लिफ्टने खाली उतरले.

रोटोबद्दल तुझे सर आणि तो सीनियर, दोघंही अर्धे बरोबर आहेत. भारतात ह्या धंद्याचं मुख्य दार बरीच वर्षं रोटो, पेंट (फ्रेममधलं नको ते पुसणं) आणि मॅचमूव्ह हेच होतं, कारण परदेशातून हाताने करायचं, वेळखाऊ काम इथे पाठवलं जायचं. आता न्यूक ह्या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच कॉपीकॅटसारखं साधन आहे: पाच-दहा फ्रेम तुम्ही करून द्या, त्यावरून ते शिकतं आणि उरलेल्या स्वतः करू बघतं. केसांत अजून अडखळतं, पण ठोकळेबाज शॉट भराभर ओढतं. म्हणून रोटोत मुक्काम करायचा विचार नको. वर्षभर मिळालं तर घे, कड शीक, आणि त्याच वर्षात संध्याकाळी स्वतःचे शॉट करत राहा. एआयबद्दल माझं म्हणणं एवढंच. ढगाळ दिवशी हुडाचा काळा किती उजळ करायचा, हे तू कुठल्या फॉर्म्युल्याने ठरवलं नव्हतंस. डोळ्याला पटेपर्यंत केलंस. हा डोळा तयार करण्यात घातलेला वेळ मला सगळ्यात कमी धोक्याचा वाटतो.

तर आता काम. जूनपर्यंत एकच रस्ता, तीन वेळा.

रूममेटची ती रिक्षा माग. मॉडेल पुन्हा करत बसू नकोस. पोराने हुडाची शिलाईसुद्धा केलीय म्हणतोस, मग त्याच्याच नावाने वापर. एक साधा रस्ता निवड, मोबाइल तिवईवर घट्ट बसव, आणि दहा सेकंदांचा शॉट घे. मोबाइल बहुधा सेकंदाला तीस फ्रेमवर शूट करत असेल, तो २४ वर लाव, म्हणजे तुझ्या हातात २४० फ्रेम येतील. एकदा भर दुपारी बाराला. एकदा ढगाळ असताना, किंवा ढग नसतील तर सूर्य मावळून गेल्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांत. आणि एकदा रात्री रस्त्याच्या दिव्याखाली, डांबर ओलं करून. पाऊस नसेल तर दोन बादल्या पाणी ओत, वॉचमनला आधी सांगून. ओल्या डांबराचा रंग गडद होतो आणि दिव्याचं प्रतिबिंब लांबुळकं होऊन तुझ्याकडे सरकत येतं. हे जमवताना तुझा घाम निघेल, आणि तो निघावा म्हणूनच सांगतेय.

प्रत्येक वेळी, रिक्षा जिथे उभी करायचीय तिथे दोन गोष्टी ठेवून काही सेकंद शूट कर. सेटवर ह्यासाठी खास गोळे असतात, एक राखाडी, एक आरशासारखा चकचकीत. तुला प्लास्टिकच्या चेंडूला लावलेला राखाडी मॅट रंग आणि एक नवी कोरी स्टीलची वाटी, पाठ कॅमेऱ्याकडे करून, एवढं पुरे. राखाडी चेंडू सांगेल की उजेड कुठून येतोय, कडक आहे की मऊ. वाटीच्या पाठीवर आजूबाजूचं सगळं दिसेल: पिवळी भिंत, निळी ताडपत्री, समोरचा टेम्पो. ती पिवळी भिंत रिक्षाच्या दारावर थोडी उतरायला हवी. वहीत लिहून ठेव: कॅमेरा जमिनीपासून किती उंच, चेंडू किती फुटांवर, किती वाजले, सूर्य कुठल्या खांद्यावर. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्तीही फुकट आहे. १०८० च्या (फुल एचडीच्या) वर रेंडर, म्हणजे तयार चित्र, देत नाही, पण तुला लागतंय कुठे?

आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर रोज रात्री एक ओळ: आज कुठे वेळ गेला आणि तो कळला नाही.

लायटिंग की कंपोझिटिंग, ह्याचा निकाल त्या मागच्या पानावर लागेल. रात्रीच्या शॉटमध्ये काहीतरी खटकलं की तू काय करतोस ते बघ. ब्लेंडरमध्ये परत जाऊन दिवा हातभर डावीकडे सरकवून पुन्हा रेंडर लावावंसं वाटतं? की ‘रेंडर असू दे, आहे त्यातूनच काढतो’ म्हणून न्यूकमध्ये डिफ्यूज (पसरलेला उजेड), स्पेक्युलर (चकाकी) वेगळे करून, कडा मऊ करून, मोबाइलच्या फुटेजमधला दाणा (बारीक खरखर) रिक्षावर चढवत बसावंसं वाटतं? पहिला लायटर, दुसरा कंपोझिटर. दोन्ही थोडं थोडं वाटलं (तुझं टोपणनाव बघता शक्य आहे), तरी घाबरू नकोस, जाहिरातींची कामं करणाऱ्या आणि पूर्ण अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या कितीतरी जागी ही दोन्ही कामं एकच माणूस करतो.

सॉफ्टवेअरइतकंच चित्रांकडेही बघ. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं एक जलरंगातलं चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’, १९४० च्या दशकातलं. बाई हातात समई घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताच्या आडोशाने ज्योत जपतेय. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बरेच लोक ते रविवर्म्याचं समजतात, तेवढी चूक तू करू नकोस. चेहरा नंतर बघ, आधी बोटं बघ. ज्योतीचा उजेड बोटांच्या आत शिरून लालसर होऊन बाहेर आलाय. त्वचेत लाल रंग सगळ्यात खोलवर जातो, म्हणून असं होतं. आम्ही ह्याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतो आणि त्याची आकडेमोड करायला कॉम्प्युटर रात्रभर तापवतो. हळदणकरांनी ते पाणी आणि ब्रशने केलं. आज रात्री मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धर आणि चित्र शेजारी ठेव.

तरीही सगळंच करायचं असेल तर? तसाही मार्ग आहे. लहान स्टुडिओंत, जाहिरातींत, बिल्डरांच्या वॉकथ्रूमध्ये चार कामं येणारा माणूस हवा असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. दादासाहेब फाळके जे. जे.त शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटो काढले, छापखाना चालवला, स्वतःचं नाव उलटंसुलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोगही केले. चाळिशी ओलांडल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपत बसले, आणि रोप पडद्यावर भराभर वाढताना दिसलं. पण तू मला जे पत्र लिहिलंस, त्यात मला फाळके दिसले नाहीत. एक मुलगा रिक्षाखाली वाकून बघताना दिसला.

शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचा कामाचा व्हिडिओ, एक मिनिटाच्या वर नेऊ नकोस. हे तीन शॉट, सगळ्यात चांगला पहिला, आणि प्रत्येकाखाली आधी नुसता रस्ता, मग रिक्षा, मग एकेक थर चढताना. मॉडेल रूममेटचं आहे हे स्पष्ट लिही. खोटं श्रेय ह्या धंद्यात पकडलं जातं, सगळे सगळ्यांना ओळखतात. कॉलेजातला उसळणारा चेंडू आणि फिरणारा लोगो त्यात घालू नकोस. माझ्या पहिल्या रीलमध्ये दोन्ही होते, चार मिनिटांचं रील होतं, आणि समोरच्या माणसाने विसाव्या सेकंदाला चहा मागवला. फॉर्मवर लायटिंगचा रकानाच नसेल तर कंपोझिटिंग भर.

पप्पांचं ‘परत ये’ टोमणा म्हणून घेऊ नकोस. ज्याच्यामागे कारखाना आहे त्याला पहिल्या नोकरीत पडेल त्या पगाराला मान डोलवायची घाई नसते. माझ्यामागे नव्हता, म्हणून मी डोलवली.

आणि सुट्टीत घरी जाशील तेव्हा काकांना एक विचार: डोळ्यांची आखणी करताना दिवा कुठल्या बाजूला ठेवतात, आणि का. मला खरंच माहीत करून घ्यायचंय. ढगाळ दिवसाच्या शॉटबरोबर पाठव.

— ताई